सही नसलेला सल्ला

औषधाच्या कारखान्यात सहीशिवाय पान हलत नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची एक बॅच काढायची तर ‘बीएमआर’ नावाचं जाडजूड बाड आधी उघडलं जातं. स्टार्च कुणी तोललं, तोलताना शेजारी कोण उभं होतं, ग्रॅन्युलेशन किती वाजता सुरू झालं, ड्रायरचं तापमान किती होतं, हे सगळं त्यात लिहावं लागतं आणि जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे दोन सह्या लागतात : काम करणाऱ्याची आणि ते तपासणाऱ्याची. आकडा चुकला तर खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, खाली सही आणि तारीख. तारापूरच्या एमआयडीसीत नुकत्याच लागलेल्या ऑपरेटरलाही पहिल्याच आठवड्यात बजावतात, की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही.

तेच औषध कोणत्या डॉक्टरपुढे महिन्यातून किती वेळा ठेवायचं, त्याची किंमत काय लावायची, कोणतं संशोधन पुढे न्यायचं आणि कोणत्या कारखान्याला टाळं लावायचं, हे ज्या कागदांवर ठरतं त्यांची तऱ्हा वेगळी असते. पहिल्या पानावर एखाद्या सल्लागार कंपनीचं नाव असतं, कोपऱ्यात ‘गोपनीय’ असा शेरा असतो, आत आलेख आणि बाण असतात. संचालक मंडळासमोर ते पडद्यावर दाखवलं जातं, दोन-चार शंका विचारल्या जातात, मग निर्णय होतो. निर्णय कंपनीचा असतो, सल्ला बाहेरच्यांचा असतो आणि पुढे काही विपरीत घडलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. स्टार्च तोलणाऱ्याला ही सोय नाही. या पुस्तकातली सगळी प्रकरणं या एका विसंगतीभोवती फिरतात.

सल्लागारांना खलनायक ठरवायला मी हे लिहिलेलं नाही, हे आधीच सांगतो. माझी नोकरी औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात गेली आणि अडलेल्या कामात बाहेरून आलेल्या जाणकाराने वाट काढून दिल्याचं मी पाहिलं आहे. कंपन्या सल्लागार का नेमतात, याची कारणं साधी आहेत. नवी यंत्रणा बसवायची असते आणि त्यासाठी कायमची माणसं ठेवणं परवडत नाही. शेजारची कंपनी काय करते आहे ते हवं असतं, आणि ते उघड विचारता येत नाही. दहा कंपन्यांत काम केलेला सल्लागार नाव न घेता ‘या धंद्यातली उत्तम पद्धत’ म्हणून तेच सांगतो. आणि कधी कधी निर्णय आधीच झालेला असतो, फक्त बंदूक ठेवायला खांदा हवा असतो. ‘दोनशे माणसं कमी करा’ हे आतल्या माणसाने म्हटलं तर तो दुष्ट ठरतो, बाहेरच्याने आलेख काढून दाखवलं तर ते शास्त्र ठरतं. हे तिसरं कारण करारात कुठेच लिहिलेलं नसतं.

पण ही कारणं सिमेंटच्या धंद्यालाही लागू आहेत आणि बँकांनाही. औषधांच्या धंद्यात सल्लागारांना इतकी जागा का मिळाली, हा प्रश्न वेगळा आहे. साबण विकणाऱ्याला आपलं गिऱ्हाईक दिसतं. औषध विकणाऱ्याला ते दिसत नाही. निवड डॉक्टर करतो, गोळी रुग्ण गिळतो आणि पैसे कुठे रुग्ण भरतो, कुठे विमा कंपनी, कुठे सरकार. कंपनी माल स्टॉकिस्टला देते आणि तिथून पुढे तिच्या डोळ्यांपुढे अंधार. हा अंधार दूर करून देण्याचा धंदा आधी उभा राहिला. सल्ल्याचा धंदा त्याच्या पाठोपाठ आला.

आयएमएस ही कंपनी १९५४ साली बिल फ्रोलिक आणि डेव्हिड ड्युबो यांनी काढली. कोणतं औषध कुठे किती खपतं, याची मोजणी करून ती औषध कंपन्यांनाच विकायची, हा तिचा व्यवसाय. आपल्याकडे हे काम फार मागे नव्हतं. विक्रम साराभाईंनी १९६० साली बडोद्यात ‘ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप’ स्थापन केला. अंतराळ कार्यक्रमामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या या शास्त्रज्ञाच्या घरचाच औषधांचा कारखाना होता, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात नसते. औषध दुकानांतल्या खपाचं ‘ओआरजी’चं ऑडिट पुढे इतकं रुळलं, की विक्री विभागात बढती-बदलीच्या गप्पा ओआरजीच्या क्रमांकावरून होऊ लागल्या. आणि जिथे ओआरजी पोहोचत नव्हतं तिथे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, पोहोचत होते. केमिस्टच्या काउंटरवर रेलून, चहा पीत, कोणत्या डॉक्टरचं काय चालतं ते वहीत टिपायचं, या कामाला आजही ‘आरसीपीए’ असं भारदस्त नाव आहे. नाव काहीही असो, गिऱ्हाईक शोधण्याचीच ती धडपड आहे.

अमेरिकेत ही वही यंत्राने भरली जाऊ लागली. औषध दुकानं आपल्याकडच्या प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी रुग्णाचं नाव काढून, पण डॉक्टरची ओळख कायम ठेवून विकत. त्यावरून डॉक्टरांचे दहा गट पाडले जात. जो सर्वांत जास्त लिहून देतो तो दहाव्या गटात. व्हरमाँट राज्याने या विक्रीला कायद्याने आळा घालायचा प्रयत्न केला, तेव्हा आयएमएस न्यायालयात गेली. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. माहितीची देवाणघेवाण हाही अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग ठरला. पुढे आयएमएस आणि क्लिनिकल चाचण्या घेणारी क्विंटाइल्स या दोन कंपन्या २०१६ मध्ये एक झाल्या. आज ‘आयक्विव्हिया’ या नावाने तीच कंपनी चाचण्या घेते, खप मोजते आणि सल्लाही देते.

आकडे हाती आल्यावर ते वाचून देणारे हवेच होते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या आंद्रिस झोल्टनर्स आणि प्रभाकांत सिन्हा या दोन प्राध्यापकांनी १९८३ साली झेडएस ही कंपनी काढली. विक्री प्रतिनिधी किती असावेत आणि कुणाकडे कोणता इलाका द्यावा, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाला त्यांनी गणिताने हात घातला. औषध कंपन्यांकडे हजारोंनी प्रतिनिधी होते. इलाक्यांची थोडी फेरमांडणी केली तरी कोट्यवधींचा फरक पडत होता. झेडएसचं मोठं कार्यालय आज पुण्यात आहे. सोलापूर-साताऱ्याकडून आलेली, इंजिनिअर झालेली मुलंमुली तिथे बसून ओहायोतल्या कुठल्या डॉक्टरकडे किती वेळा जावं याचे तक्ते करतात. त्यात गैर काही नाही. कष्टाचं, हुशारीचं आणि बऱ्या पगाराचं काम आहे. पण मराठी घरांतून हजारो मुलं ज्या धंद्यात गेली त्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, हे मला खटकत होतं.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग पर्ड्यू फार्मा ही अमेरिकी औषध कंपनी आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांच्या संबंधांवर आहे. एवढी पानं त्याला का दिली, ते सांगायला हवं. सल्ल्याच्या कागदांचा इतका मोठा ढीग उघड्यावर आल्याचं दुसरं उदाहरण औषधांच्या धंद्यात मला माहीत नाही.

पर्ड्यूचं ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गातलं तीव्र वेदनाशामक १९९६ साली बाजारात आलं. व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचं सांगत ते विकलं गेलं आणि त्याबद्दल २००७ साली कंपनीच्या एका शाखेने न्यायालयात गुन्हा कबूल केला, तीन बड्या अधिकाऱ्यांनीही केला. दंड ६० कोटी डॉलरच्या वर गेला. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मॅकिन्झी २००४ पासून पर्ड्यूला सल्ला देत होती आणि कबुलीनंतरही देत राहिली, थेट २०१९ पर्यंत.

पर्ड्यूची विक्री ढासळू लागली तेव्हा, २०१३ साली, मॅकिन्झीने एक योजना मांडली. विक्रीच्या इंजिनाला ‘टर्बोचार्ज’ करायचं, अशी तिची मूळ भाषा होती. ती फार उघडी वाटली असावी, कारण कंपनीत तिला ‘इव्हॉल्व्ह टू एक्सलन्स’ असं सोज्वळ नाव मिळालं. सल्ल्याचा गाभा सोपा होता. जे डॉक्टर हे औषध आधीच सर्वांत जास्त लिहून देतात त्यांच्याकडे प्रतिनिधींनी अधिक वेळा जावं. कमी लिहिणाऱ्यांवर वेळ घालवू नये. इतर कुठल्याही औषधाच्या बाबतीत यात वावगं काय, असं आपला एमआरही विचारेल. ‘ए क्लास’च्या डॉक्टरला महिन्यातून तीन कॉल आणि ‘सी क्लास’ला एक, हे तर इथेही चालतं. पण व्यसन लावणारं औषध सर्वांत जास्त कोण लिहून देतं? त्यांत कर्करोगतज्ज्ञ असतात, आणि पैसे घेऊन चिठ्ठ्या फाडून देणारेही असतात. दहाव्या गटात दोघंही एकाच रांगेत बसतात. तक्त्याला त्यांच्यातला फरक कळत नाही, आणि तो कळावा असा प्रश्न तक्त्याला कुणी विचारला नव्हता.

सल्लागार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे, अशी एक थट्टा नेहमी होते. इथे ती लागू पडत नाही. ही माणसं उंटावरून उतरली होती. प्रतिनिधींच्या गाडीत बसून डॉक्टरांच्या दवाखान्यांत गेली होती. काय चाललं आहे ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

२०१७ सालच्या एका सादरीकरणातला हिशेब तर मी कितीदा वाचला तरी सवयीचा होत नाही. औषधांचे पैसे भरणाऱ्या आणि औषधं विकणाऱ्या बड्या कंपन्या पर्ड्यूला कंटाळू नयेत म्हणून त्यांना सूट देण्याचे पर्याय त्यात होते. त्यांतला एक पर्याय असा, की ऑक्सिकॉन्टिन घेणाऱ्यांपैकी कुणाला अतिसेवनाचा झटका आला किंवा व्यसन जडलं, तर अशा प्रत्येक ‘घटने’मागे परतफेड द्यावी. रकमेचा अंदाजही होता : घटनेमागे १४,८१० डॉलर. सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीचे २,४८४ ग्राहक २०१९ साली अशा घटनांत सापडतील, असं गृहीत धरलेलं होतं. अशी सूट आपल्याला कधी मिळाली नाही, असं सीव्हीएस आणि अँथम ही विमा कंपनी या दोघींनी नंतर सांगितलं. योजना कागदावरच राहिली. पण तो कागद तयार करणाऱ्यांपैकी कुणाचाही हात २,४८४ हा आकडा टंकताना थांबला नाही. ही माणसं उत्तम विद्यापीठांत शिकलेली होती, काहींच्या नावामागे डॉक्टरकीची पदवीही होती.

अमेरिकेत १९९९ ते २०२१ या काळात अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे ६ लाख ४५ हजार माणसं मेली. हेरॉइन आणि फेंटानिलचे बळी त्यात आहेत. सगळा आकडा एका कंपनीच्या किंवा एका गोळीच्या माथी मारणं चूक ठरेल. त्या लाटेची सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरच्या औषधांनी झाली, एवढं मात्र निर्विवाद आहे.

जुलै २०१८ मध्ये, खटल्यांचं वादळ जवळ येताना दिसल्यावर, मॅकिन्झीतल्या दोन ज्येष्ठ भागीदारांनी एकमेकांना ईमेल लिहिल्या : आपल्याकडची कागदपत्रं आणि ईमेल काढून टाकायला हव्यात का? फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ४७ राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि पाच प्रदेश यांच्याशी ५७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. चूक मान्य केली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या करारात ६५ कोटी डॉलर भरण्याचं तिने कबूल केलं. पर्ड्यूकडून १५ वर्षांत मिळालेली सगळी फी, म्हणजे ९ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम, त्यातच धरलेली आहे. त्या ज्येष्ठ भागीदारांपैकी एकाने नोंदी नष्ट केल्याचा गुन्हा कबूल केला. अशिलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्यासाठी व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्या कंपनीला फौजदारी जबाबदार धरण्याची ही पहिलीच वेळ, असं न्याय खात्याने तेव्हा सांगितलं. सल्ल्याचा धंदा शंभर वर्षांचा झाला, आर्थर डी. लिटल धरली तर त्याहूनही जुना. पहिली वेळ यायला इतकी वर्षं लागली.

यापुढचा भाग मला व्यक्तिशः अधिक अस्वस्थ करणारा वाटतो, जरी त्यात मृत्यूचे आकडे नाहीत. मॅकिन्झी पर्ड्यूचीच सल्लागार नव्हती. पर्ड्यूवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी एफडीएचीही होती. २००८ पासून एफडीएने तिला १४ कोटी डॉलरहून अधिक रकमेची कामं दिली. नव्या औषधांची छाननी करणाऱ्या कार्यालयाची फेररचना हे त्यांतलं एक. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यानुसार किमान २२ सल्लागारांनी एफडीए आणि पर्ड्यू या दोघांसाठी काम केलं होतं, काहींनी तर एकाच वेळी. दोन्ही कामांमध्ये भिंत होती, असं कंपनीचं म्हणणं. भिंत असेलही, पण माणूस एकच होता आणि तो भिंतीच्या दोन्ही बाजूंना बसत होता.

व्हॅलिअंट या औषध कंपनीचं प्रकरण मी थोडक्यात उरकलं आहे. मायकेल पिअर्सन मॅकिन्झीत २३ वर्षं काढून २००८ साली त्या कंपनीचे प्रमुख झाले. संशोधनात पैसा वाया जातो, त्यापेक्षा तयार औषधं विकत घ्या आणि किंमत वाढवा, हे सूत्र त्यांनी सल्लागार म्हणून मांडलं असतं तर ते आणखी एक सादरीकरण ठरलं असतं. प्रमुख म्हणून त्यांनी ते करून दाखवलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हृदयरोगाची दोन जुनी औषधं हाती आली, त्याच दिवशी एकाची किंमत ५२५ टक्क्यांनी आणि दुसऱ्याची २१२ टक्क्यांनी वाढली. शेअर चढला, मग कोसळला, मग कंपनीने नावच बदललं. या कथेवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि माहितीपटही निघाला आहे. इथे पाच पानं पुरेत.

इथून पुस्तक भारताकडे वळतं आणि सल्लागारही बदलतो. झकपक सूट घालून मंडळापुढे उभा राहणारा गृहस्थ मागे पडतो. डोक्यावर जाळीची टोपी आणि पायांत प्लास्टिकची मोजडी चढवून ग्रॅन्युलेशनच्या खोलीत शिरणारा पुढे येतो. गुणवत्तेचा आणि परवानगीचा हा सल्लागार आपल्या औषध उद्योगाला जास्त जवळचा. १९७० च्या पेटंट कायद्याने उभ्या राहिलेल्या आपल्या जेनेरिक उद्योगाने अमेरिकी बाजारात पाऊल टाकलं आणि एफडीएचे निरीक्षक वाळूज, वेर्णा, बद्दी इथल्या फाटकांवर येऊ लागले. तपासणी संपताना निरीक्षक त्रुटींची यादी देतो, तिला सगळे नुसतं ‘फोर एट थ्री’ म्हणतात. उत्तर समाधानकारक नसेल तर वॉर्निंग लेटर येतं, आणि त्यात अनेकदा एक वाक्य असतं : पात्र सल्लागार नेमा. त्या वाक्यात नियमाचा क्रमांकही असतो, २११.३४.

हा नियम छोटा आहे, पण या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. औषधनिर्मितीबद्दल सल्ला देणाऱ्याकडे पुरेसं शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव असला पाहिजे. आणि त्याचं नाव, पत्ता, पात्रता आणि त्याने दिलेल्या सेवेचं स्वरूप यांची नोंद कंपनीने ठेवली पाहिजे. म्हणजे गोळी कशी बनवावी हे सांगणाऱ्याची नोंद ठेवणं अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे. तीच गोळी कुणाला किती विकावी हे सांगणाऱ्याची नोंद कुणी मागत नाही. २११.३४ ची हद्द कारखान्याच्या फाटकापाशी संपते.

नोंद असूनही काय होऊ शकतं, त्याचा धडा रॅनबॅक्सीने दिला. २००६ साली पांवटा साहिबच्या कारखान्याला वॉर्निंग लेटर आल्यावर रॅनबॅक्सीने पॅरेक्सेल या अमेरिकी कंपनीला तपासणीसाठी नेमलं. नामवंत सल्लागार आले आहेत, सुधारणा चालू आहे, असं एफडीएला सांगितलं गेलं. मग दाखवा त्यांचे अहवाल, असं एफडीए म्हणाली. तेव्हा ते अहवाल वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेत मोडतात, अशी भूमिका कंपनीने घेतली. जुलै २००८ मध्ये न्याय खात्याला ते कागद मिळवण्यासाठी मेरिलँडच्या फेडरल न्यायालयात जावं लागलं. सप्टेंबरमध्ये देवास आणि पांवटा साहिब इथून येणाऱ्या तीसहून अधिक औषधांवर आयातबंदी आली. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी कंपनीने सात गुन्हे कबूल केले आणि एकूण ५० कोटी डॉलर भरले. त्या कबुलीजबाबात एक गोष्ट दडलेली आहे. कारखान्यांत दोष आहेत हे आपणच नेमलेल्या सल्लागारांनी २००३ आणि २००५ साली सांगितलं होतं, असं कंपनीने मान्य केलं. निरीक्षकांच्या आधी, कंपनीतल्या गैरप्रकारांना वाचा फोडणाऱ्या दिनेश ठाकूर यांनी एफडीएला कळवायच्याही आधी, पैसे देऊन बोलावलेला माणूस खरं सांगून गेला होता. ते खरं कपाटात गेलं.

पर्ड्यूच्या प्रकरणात सल्ला वाईट होता आणि तो ऐकला गेला. रॅनबॅक्सीच्या प्रकरणात सल्ला बरोबर होता आणि तो दाबला गेला. दोन्हीकडे तो बंद खोलीतच राहिला, म्हणून मी ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली आहेत.

महाराष्ट्राला हे परकं नाही. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूजमधल्या वोक्हार्टच्या कारखान्यावर मे २०१३ मध्ये अमेरिकेने आयातबंदी घातली, चिकलठाण्याच्या कारखान्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. वाळूजबद्दलच्या वॉर्निंग लेटरमध्ये कचऱ्यात सापडलेल्या, फाडलेल्या मूळ नोंदींचा उल्लेख होता. त्यानंतरच्या वर्षांत ‘डेटा इंटिग्रिटी’ हा शब्द मराठी सुपरवायझरांच्या तोंडी चहाइतका सहज आला आणि तो शिकवणाऱ्यांचं पीकही आलं. त्यांत अस्सल जाणकार होते. निवृत्त अधिकारीही होते, ज्यांचं खरं भांडवल ज्ञानापेक्षा ओळखी हेच होतं. आणि ‘मॉक ऑडिट’वाले होते. मॉक ऑडिट म्हणजे परीक्षेआधीची सराव परीक्षा, हेतू चांगलाच. पण त्यात प्रक्रिया सुधारण्यापेक्षा उत्तरं सुधारण्यावर भर दिलेला मी अनेकदा पाहिला. निरीक्षक विचारेल तेवढंच सांगायचं, माहीत नसेल तर ‘एसओपी बघून सांगतो’ म्हणायचं, कपाट स्वतःहून उघडायचं नाही. भिंतींना रंग आणि माणसांना पाठांतर, दोन्ही एकाच आठवड्यात.

आता हा बाजार लहान कारखान्यांपर्यंत पोहोचला आहे. २०२२ साली गांबियातल्या बालमृत्यूंशी भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांचं नाव जोडलं गेलं आणि दर्जाचा प्रश्न जगभर गाजला. डिसेंबर २०२३ मध्ये औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम सांगणारं ‘शेड्यूल एम’ सुधारित रूपात अधिसूचित झालं. २५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना आधी एक वर्षाची मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवून मिळाली. ज्या मालकाकडे चाळीस माणसं आणि एक फार्मासिस्ट आहे त्याने जोखीम मूल्यांकन, गुणवत्तेचा वार्षिक आढावा, संगणक प्रणालींची वैधता हे सगळं एकट्याने कसं उभं करावं? तो कन्सल्टंट बोलावतो. कन्सल्टंट पेनड्राइव्हमधून एसओपींचा, म्हणजे लेखी कार्यपद्धतींचा, तयार संच काढतो. जुन्या कारखान्याचं नाव खोडून नव्याचं घालतो. कधी कधी एखाद्या पानावर जुनंच नाव राहून जातं. या प्रकरणातल्या कुठल्याही कारखान्याचं नाव मी दिलेलं नाही, कारण दोष तिथल्या माणसांपेक्षा व्यवस्थेचा आहे, असं माझं मत आहे.

सल्ल्याने काही भलं झाल्याचं उदाहरण नाही का, असं हस्तलिखित वाचणाऱ्या मित्राने विचारलं. आहे, आणि ते आपल्या दारातलं आहे. मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एचआयव्हीवरचं तीन औषधांचं मिश्रण ‘मेदसां सां फ्रॉन्तिएर’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केलं. ब्रँडेड औषधांना तेव्हा १० हजार डॉलरहून अधिक लागत. पुढच्या टप्प्यात क्लिंटन फाउंडेशनने भारतीय आणि दक्षिण आफ्रिकी कंपन्यांशी बोलणी सुरू केली. ती चालवणारे आयरा मॅगझिनर हे जुने सल्लागार, बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये घडलेले. किंमत कमी करा अशी विनवणी करण्याऐवजी कच्चा माल कुठून येतो, खर्च कुठे होतो, मागणी एकत्र करून खात्रीची दिली तर किती वाचेल, हे त्यांनी कंपन्यांबरोबर बसून मांडलं. ऑक्टोबर २००३ च्या करारात तोच उपचार वर्षाला सुमारे १४० डॉलरवर आला. सल्लागारांची तीच हत्यारं, तेच तक्ते. फरक इतकाच, की हा करार जाहीर होता : किंमत काय, कोण देणार, कुणाला मिळणार, हे कुणीही वाचू शकत होतं. औषधं मिळाली की नाही, तेही मोजता येत होतं.

काही गोष्टी मी मुद्दाम वगळल्या आहेत. क्लिनिकल चाचण्या घेणाऱ्या कंत्राटी संस्थांचा विषय सल्ल्याला लागून असला तरी तो स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज आहे. हिशेब तपासनीस आणि सल्लागार एकाच छताखाली नांदतात, त्या बड्या चार कंपन्यांनाही मी ओझरताच स्पर्श केला आहे. लशींच्या वाटपात सल्लागारांनी काय केलं हा प्रश्न ताजा आहे, कागद अजून बाहेर येत आहेत; त्यावर घाईने लिहिणं मला योग्य वाटलं नाही.

कागदांबद्दल थोडं. पर्ड्यू-मॅकिन्झी प्रकरणाचा तपशील इतका बारीक देता आला, कारण २०२१ च्या तडजोडीतच कागदपत्रं जनतेसाठी खुली करण्याची अट होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सॅन फ्रान्सिस्को केंद्र आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ मिळून जो संग्रह सांभाळतात, त्यात मॅकिन्झीचे लाखाहून अधिक दस्तऐवज कुणालाही, फुकट, घरबसल्या वाचता येतात. भारतीय प्रकरणांसाठी असा संग्रह नाही. इथल्या तपासणीचे अहवाल सहसा जाहीर होत नाहीत. वाळूज किंवा देवासबद्दल या पुस्तकात जे आहे त्याचा मोठा भाग अमेरिकी न्यायालयांतल्या कागदांतून आणि एफडीएने स्वतःहून संकेतस्थळावर टाकलेल्या पत्रांतून घेतला आहे.

प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. धंद्याच्या इतिहासात रस नसेल तर पर्ड्यूपासून सुरुवात करा. औषध कारखान्यात काम करणाऱ्यांनी बहुधा शेड्यूल एमच्या प्रकरणाकडे आधी वळावं. त्यात काही चुकलं असेल तर ते त्यांनाच आधी दिसेल, आणि प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवलं तर पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती कळवणाऱ्याच्या नावासह छापली जाईल. नाव नको असेल तर तसं लिहावं.